मी क्लच निवडला, पाय दुसऱ्याचा होता

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, ‘राठोड मिस्तरी, चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत, दोन-चार गमती लिहून द्या. वाचक हसले पाहिजेत.’ मी हो म्हणून बसलो. वही उघडली तेव्हा कळलं की मला गमती आठवतच नाहीत, मला राग आठवतात. न विचारता माझा पाना उचलणाऱ्यांचा राग. बॉनेट उघडायच्या आधीच ‘किती वेळ लागेल’ विचारणाऱ्यांचा राग. जवळा बाजारचा एक कापसाचा व्यापारी होता, तो क्लचच्या पेडलवर पाय ठेवूनच गाडी हाकायचा आणि दर वर्षी प्लेट जळाली की माझ्या नावाने बोटं मोडायचा, माल डुप्लिकेट आहे म्हणायचा. एकदा मी त्याला म्हटलं, “शेठ, डावा पाय घरी ठेवून येत जा.” तो रुसला, वर्षभर फिरकला नाही, पण ती प्लेट मात्र तीन वर्षं टिकली.

हसायचं असेल तर एवढ्यावर हसून घ्या. पुढे जे लिहिणार आहे त्यात हसण्यासारखं काही नाही. तो राग माझा माझ्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा तुमच्यावरही आहे.

माझं गॅरेज औंढ्याच्या रस्त्याला. नागनाथाला येणाऱ्यांच्या गाड्या, शेतकऱ्यांचे पिकअप, लग्नाच्या जीपा, सगळं येतं. मी मूळचा तांड्यावरचा. आमची जुनी माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. त्या फिरतीला लदेणी म्हणायचे. माझ्या आईकडून ऐकलेला लदेणीचा एक नियम होता: ज्या बैलामागे जो चालणार, त्याची गोण त्यानेच कसायची. तांड्याचा नायक असला तरी त्याने दुसऱ्याच्या बैलाची गोण बांधायची नाही. कारण वाटेत गोण एका अंगाला कलली, तर ती सावरणारा हात बांधणाऱ्याचा नसतो, हाकणाऱ्याचा असतो. आणि हाकणाऱ्यांत निम्म्या बाया असायच्या. हे मला लहानपणापासून पाठ होतं. पाठ असून उपयोग काय, ते पुढे कळेलच.

माधव हा जवळा बाजारचाच. बी-बियाणं आणि औषधांचं दुकान, माणूस हौशी. त्याने जुनी डिझेल टर्बो कार घेतली आणि कुठल्याशा मोठ्या शहरात नेऊन तिचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, मोठा करून आणला. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकदही वाढवून आणली. ज्यांनी ताकद वाढवली त्यांनी क्लचकडे ढुंकूनही पाहिलं नाही. या असल्या कारागिरांचाही मला राग येतो. घराला दुसरा मजला चढवायचा आणि खालचे खांब बघायचे नाहीत, असला हा धंदा.

तीन महिन्यांत माधव माझ्या दारात, गाडी क्रेनला लटकवून.

“मामा, इंजन बोंबलून राहिलं, पण गाडी पळत न्हाई. चढावर टाकली की नुसता आवाज, अन् जळका वास.”

“क्लच घसरून राहिला तुझा,” मी म्हटलं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या मागच्या टोकाला लोखंडाचं एक जड चाक बसवलेलं असतं, ते फ्लायव्हील. इंजिन चालू असेपर्यंत ते फिरतच राहतं. त्याच्यासमोर क्लचची प्लेट असते, ती गिअरला जोडलेली. आणि प्लेटच्या पाठीवर दाबाची जाड स्प्रिंग असलेलं कव्हर. तुम्ही पेडलवरचा पाय काढला की कव्हर प्लेटला चाकावर दाबून धरतं, दोघं एकत्र फिरतात आणि गाडी चालते. पाय दाबला की दोघांची फारकत. एवढाच खेळ आहे. इंजिनाची ताकद वाढवली आणि दाबणारं कव्हर जुनंच ठेवलं, की चाक फिरतं आणि प्लेट त्याच्यावर घासत बसते.

गिअरबॉक्स उतरवून पाहिला. प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडलेले. या गाडीचं फ्लायव्हील दोन भागांचं होतं, मधे स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचे धक्के त्या स्प्रिंगा गिळतात, म्हणून गाडी शांत चालते. त्या स्प्रिंगाही ढिल्या झाल्या होत्या. म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही बदलायचं. प्रश्न एवढाच होता, की कोणतं बसवायचं.

रस्ते दोन होते. पहिला असा: मूळ वजनाचं दोन भागांचं फ्लायव्हील, पूर्ण गोल अस्तराची प्लेट, कव्हर जुन्यापेक्षा थोडं कडक, आणि कॉम्प्युटरमधली वाढवलेली ताकद खालच्या वेगात जरा कमी करून घ्यायची. दुसरा म्हणजे शर्यतीच्या गाड्यांचा: एकसंध, हलकं फ्लायव्हील, सगळ्यात कडक कव्हर, आणि अस्तराऐवजी सिरॅमिकचे तुकडे बसवलेली प्लेट. सिरॅमिक घसरत नाही, पण त्याला हळूहळू पकडणंही माहीत नाही. पकडलं तर पकडलं, सोडलं तर सोडलं. हलक्या चाकाचं इंजिन झटकन उठतं, पण जागेवरून निघताना जरा चुकलं की तितक्याच झटकन बंद पडतं. आणि कव्हर जेवढं कडक, तेवढं पेडल जड.

माधवने मोबाइल काढला. त्यात कुणी गोरा माणूस मोकळ्या मैदानात गाडी गोल गोल फिरवून धूर काढत होता. “मामा, हेच पायजे. दुसरं काही नको.”

मी काय करायला पाहिजे होतं? मोबाइल खिशात टाकायला लावून त्याला दहा प्रश्न विचारायला पाहिजे होते. नाही विचारले. खरं कारण सांगतो, लपवून काय मिळणार? असलं काम हिंगोली जिल्ह्यात मी तरी कुणाच्या गॅरेजमध्ये पाहिलं नव्हतं. मला ते करायचं होतं. खोक्यातून ते हलकं फ्लायव्हील बाहेर काढलं तेव्हा आजूबाजूचे मिस्तरी बघायला आले आणि माझी छाती फुगली. म्हाताऱ्या कारागिराला हौस सुटली की तो पोराटोरांहून बेकार.

बसवलं मात्र चोख. प्रत्येक बोल्ट मापाने कसला. गाडी औंढ्याच्या बाहेर नेऊन चढावर घातली. खेचली की मान मागे जाऊन आदळायची. पेडल जड होतं, पण चाळीस वर्षं पेडलं दाबून माझा डावा पाय मुसळासारखा झालेला. मला ते जड वाटलं नाही. माझ्या पायाला जे जमलं ते जगाच्या पायाला जमेल, असं मी धरून चाललो. माधव खूश, मी खूश, गाडी गेली.

श्रावण गेला, दिवाळी गेली. थंडीत माधव ऑइल बदलायला आला. चहा पिता पिता म्हणाला, “क्लच एक नंबर हाय मामा. आता मीच चालवतो. वर्षाला काही झेपली न्हाई. बाईमाणसाचं काम न्हाई ते.”

“वर्षा कोण?”

“घरची माझी. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका हाय ती. आधी तीच न्यायची रोज, तिले बावीस गावं फिरायची असत. श्रावणी सोमवारी इथं मंदिराच्या रस्त्यावर गाडी घातली तिनं नारळाच्या गाड्यावर. लोकं जमा. मी चावी काढून घेतली. म्हटलं बस झालं.” आणि हसला.

मी कप खाली ठेवला. गाडी खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घ्यायला म्हणून दार उघडून आत बसलो, आणि माझा पाय सरळ लांब गेला. सीट शेवटपर्यंत मागे होती.

आणि मला खाडकन आठवलं. पहिल्यांदा ही गाडी क्रेनला लटकून आली होती, तेव्हा सीट रोजच्यासारखी शेवटपर्यंत पुढे होती. इतकी पुढे, की माझे गुडघे स्टेअरिंगला अडकले होते. सीटवर घडी घातलेली गोधडी होती, बसणाऱ्याची उंची वाढावी म्हणून. ती मीच उचलून मागच्या सीटवर फेकली होती. क्लचच्या पेडलचं रबर फक्त खालच्या कडेला झिजलेलं होतं, बारक्या पावलाची चप्पल टेकून टेकून झिजतं तसं. फ्लायव्हीलवरचे निळे डाग मला दिसले, रिव्हेट दिसले, पण गाडी कोण चालवतं हे समोर उघडं पडलेलं असताना दिसलं नाही. खटका ओढून मी सीट मागे सारली होती आणि आरामात बसलो होतो.

मला भयंकर राग आला. माधवचा आला, कारण तो हसत होता. पण त्याच्यापेक्षा माझा आला. चाळीस वर्षांत मी एकाही माणसाला विचारलं नव्हतं, की गाडी चालवतं कोण. आपल्याकडे विचारायची पद्धतच नाही. जो गाडी घेऊन येतो, ज्याच्या नावावर कागद आहेत, जो खुर्चीवर बसून चहा पितो, तोच चालवणारा असं सगळेच धरतात. औंढ्यात धरतात, बाळापुरात धरतात, तुमच्या गावातही धरत असतील. बायको-बहिणीने गाडी चालवली तर ती ‘घेऊन जाते’, चालवतो तो मालकच.

मी खाली उतरलो. “ऑइल बदलत न्हाई. गाडी ठेव इथं. अन् उद्या तिला घेऊन ये.”

“काहून? तिनं तर सोडली चालवणं.”

“म्हणूनच आण. ती आल्याबिगर या गाडीला हात लावणार न्हाई, अन् चावी बी देणार न्हाई.”

त्याला ते भांडण वाटलं. होतंच ते भांडण. तो बडबडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी नाही आला. तिसऱ्या दिवशी दुपारी काळी-पिवळी जीप थांबली आणि एक ठेंगणीशी बाई एकटीच उतरली. खांद्याला कागदांची पिशवी. माधवचा पत्ता नव्हता.

“तुमीच राठोड मामा न? गाडी अडवून ठेवली म्हणे तुमी.”

मी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, बाई, नेमकं काय होत होतं ते सांगा. तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “मला वाटलं मलाच येऊन राहिलं न्हाई. सात वर्षं चालवली हो मी गाडी, हिच्या आधीची जुनी धरून. तुमी काम केलं अन् दुसऱ्या दिवसापासून पेडल पूर्ण दाबायला मला सीटवरून खाली घसरावं लागायचं. सोडायला गेलं की गाडी उडी मारायची, न्हाई तर बंद. घरी सांगितलं तर म्हणाले, नवीन हाय, सवय होईल. मी पहाटे उठून अंगणात सराव करायची. लेकरावाणी. गुडघा सुजायचा.”

“अन् त्या श्रावणी सोमवारी?”

“सोमवारी गर्दी किती असती तुमाला माहीतच हाय. अर्धा तास इंच इंच पुढं. पाय लटलट कापायला लागला. समोर एका बाईच्या कडेवरून लेकरू उतरून रस्त्यात आलं. मी ब्रेक मारला, गाडी थांबली. लेकरू निघून गेलं. मग सोडायला गेले अन् पायच उचलला गेला एकदम. गाडी उडाली ती नारळाच्या गाड्यावर. मामा, ते लेकरू चार पावलं आधी तिथं उभं होतं.”

ती पुढे म्हणाली, “लोकं म्हणून राहिले होते, बाईच्या हाती गाडी देतात काहून? मी पण तेच म्हणत होते मनात. सहा महिने मी मलाच शिव्या दिल्या.”

“बाई, चूक तुमची न्हाई,” मी म्हटलं. “चूक माझी हाय. हे क्लच तुमच्यासाठी नव्हतंच. मी इचारलं न्हाई.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ही मारणार. मारलं असतं तरी मी हललो नसतो.

मग मी तिला आत नेलं. काढून ठेवलेल्या क्लचच्या प्लेटा, कव्हरं समोर मांडली. सिरॅमिकची प्लेट तिच्या हातात दिली, शेजारी गोल अस्तराची दिली. काय फरक ते सांगितलं. माधवने मला एकच प्रश्न विचारला होता: किती ताकद पेलेल? या बाईने जे विचारलं ते चाळीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं.

“चढावर बैलगाडीच्या मागं थांबावं लागलं अन् परत निघायचं, तर मागं घसरल का?”

“न्हाई घसरणार.”

“अंगणवाडी सुटली की लेकरं गाडीला चिकटून चालतात. त्यांच्यामधून चालण्याच्या वेगानं नेता येईल का, ॲक्सिलेटर न देता?”

जड फ्लायव्हील काय कामाचं असतं, याचं उत्तर तिच्या या प्रश्नातच होतं. चाकाच्या वजनावरच गाडी ॲक्सिलेटर न देता, बंद न पडता सरपटत जाते. “मूळ वजनाचं चाक बसवलं तर जाईल,” मी म्हटलं.

“मग तेच बसवा. अन् हे कव्हर?” तिने एकामागून एक कव्हरांवर बोट ठेवलं. मी तिला शेजारी उभ्या असलेल्या, जरा कडक कव्हराच्या एका गाडीत बसवलं आणि पेडल दाबायला लावलं. तिने वीस वेळा दाबलं, मोजून. म्हणाली, “हे चालतं. गर्दीत अर्धा तास बी चालेल.” गोण तिने कसली होती. मी फक्त दोर धरून उभा होतो.

संध्याकाळी माधव आला आणि भडकला. ताकद कमी करायची हे त्याला मान्यच नव्हतं. “एवढा मोठा टर्बो बसवला मी, अन् तुमी म्हणता खालची ताकद कापा? मित्रांत काय सांगू?”

“सांग की ताकद गाडीची कापली, तुझी न्हाई,” मी म्हटलं. “वरच्या वेगात तुला पायजे तेवढी पळव. पण जागेवरून निघताना गाडी माणसासारखी निघली पायजे. त्या लेकराला चार पावलं उशीर झाला असता तर मित्रांत काय सांगितलं असतं?”

त्याला पटलं की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही. पण बायको शेजारीच उभी होती आणि या वेळी तीही त्याच्याकडेच बघत होती. त्याने मान हलवली आणि त्या शहरातल्या कारागिराला फोन लावला.

आठवडा गेला. नवं दोन भागांचं फ्लायव्हील आलं, प्लेट आली, कव्हर आलं. गिअरबॉक्स पुन्हा खाली, पुन्हा वर. पेडलचा दांडा थोडा सीटकडे घेतला, म्हणजे तळापर्यंत दाबायला तिला घसरावं लागणार नाही. ती आली तेव्हा सीट मी हलवली नाही. तिनेच बसून खटका ओढला, पुढे घेतली, पिशवीतून ती घडीची गोधडी काढली आणि खाली घातली. सहा महिने ती तिने कपाटात ठेवली होती म्हणे.

औंढ्याबाहेरच्या चढावर तिने गाडी मुद्दाम मधेच थांबवली. मी शेजारी बसलो होतो, हात गुडघ्यावर घट्ट धरून. तिने पाय हळूहळू सोडला. गाडी एक वीतही मागे गेली नाही. कुठे धक्का नाही, कुठे उडी नाही, नुसती चालायला लागली. तिने तेच पुन्हा केलं. पुन्हा केलं. पाचव्या वेळेला मी म्हटलं, “बाई, बस झालं, क्लच जळंल.” तेव्हा कुठे ती हसली.

परत येताना मी विचारलं, “मग सोमवारपासून गावं सुरू?”

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “न्हाई मामा. फिरती सोडली मी. श्रावणानंतर अर्ज दिला होता, टेबलाचं काम द्या म्हणून. माझी गावं दुसऱ्या बाईंना दिली. आता परत मागितली तर साहेब म्हणाले, पुढच्या बदल्यांच्या वेळी बघू.”

“अर्जात काय लिहिलं होतं?”

“कारण लिहावं लागतं न. लिहिलं, मला वाहन चालवता येत न्हाई.”

गाडी इतकी शांत चालली होती की तिचा श्वास ऐकू येत होता. तिने मला गॅरेजपाशी उतरवलं, गाडी वळवली आणि जवळ्याच्या रस्त्याला लागली. मंदिराकडच्या फाट्यावर गर्दी होती. तिथून तिने गाडी चालण्याच्या वेगानं काढली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून गाडी आली की मी बॉनेट उघडत नाही. आधी दार उघडून सीट कुठे आहे ते बघतो आणि विचारतो, चालवतं कोण. लोक चिडतात. ‘मामा, तुमाला काय करायचं? गाडी माझी हाय,’ म्हणतात. चिडू दे. चिडणं मलाही येतं, आणि माझी चाळीस वर्षांची सवय आहे.

पण त्याने मागचं काही मिटत नाही. ती गाडी दुरुस्त झाली. तो अर्ज अजून फायलीत आहे, त्याच्यावर तिची सही आहे, आणि त्यात लिहिलंय ते खोटं आहे हे त्या ऑफिसात कुणालाच माहीत नाही.